दोघांचा डाव

अनंतरावांना रोज सकाळी पेपर मोठ्यानं वाचायची सवय होती. सून अनसूया पोळ्या लाटत असायची आणि ते स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून अग्रलेख वाचून दाखवायचे. मध्येच थांबून लिहिणाऱ्याची चूक काढायचे. त्र्याण्णव सालच्या आषाढात एका सकाळी ते असेच वाचत होते आणि एका वाक्याच्या मधोमध त्यांचे शब्द एकमेकांत मिसळायला लागले. अनसूयेला वाटलं, चष्म्याची काच पुसायला थांबले असतील. तिनं मागं वळून पाहिलं तर पेपर उजव्या हातातून घसरून जमिनीवर पडला होता आणि ते त्याच्याकडं नवलानं पाहत होते.

घाटी हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा उजवा पाय थोडाफार उचलला जात होता, हात लुळा होता, आणि बोलणं म्हणून फक्त एक शब्द उरला होता, ‘ते’. पाणी हवं असलं तरी ‘ते’, दार लावायचं असलं तरी ‘ते’. मुलाला, केशवलाही ‘ते’. डॉक्टरांनी सांगितलं, समजतं त्यांना सगळं, फक्त नाव सापडत नाही. चित्रं दाखवा, बोलतं करा. काही परत येईल, किती ते सांगता येत नाही.

ज्या माणसानं विद्यापीठाच्या परीक्षा विभागात जन्म काढला, निवृत्तीच्या समारंभात दुसऱ्यांचीही भाषणं स्वतःच केली, त्याला केळ्याचं चित्र दाखवून ‘हे काय?’ असं विचारायचं अनसूयेच्या जिवावर यायचं. तिनं आणलेली मुलांची चित्रांची पुस्तकं अनंतराव डाव्या हातानं बाजूला सारायचे आणि भिंतीकडं तोंड करून पडायचे.

केशव चितेगावच्या टीव्हीच्या कारखान्यात होता. कंपनीच्या बसनं पैठण रोडनं जायचा, दिवसभर नव्या टीव्हींचे पडदे तपासायचा आणि घरी येऊन पुन्हा टीव्हीपुढंच बसायचा. त्या दसऱ्याआधी त्यानं औरंगपुऱ्यातून व्हिडिओ गेम आणला. पांढऱ्या प्लॅस्टिकची पेटी, तिला वायरनं जोडलेले दोन रिमोट, आणि वरून खोचायची पिवळी कॅसेट.

“घरात लेकरू नाही, आणि खेळणं कोणासाठी आणलंत?” अनसूयेनं विचारलं.

“माझ्यासाठी,” केशव म्हणाला. तो खरं बोलत होता. बापाकडं त्याला पाहवत नव्हतं आणि पडद्याकडं पाहिलं की तेवढा वेळ बरं वाटायचं.

कॅसेटमध्ये पळायचे, गोळ्या झाडायचे बरेच खेळ होते. त्यात एक फरशांचा होता. पडदाभर छोट्या छोट्या चौकोनी फरशा मांडलेल्या असत. प्रत्येकीवर चित्र: मासा, छत्री, घंटा, चंद्र, पंखा, कप. सारख्या चित्राच्या दोन फरशा शोधायच्या, त्यांच्यामध्ये मोकळी वाट असली की बटण दाबायचं, दोन्ही गायब. खाली एक हिरवी पट्टी आखडत जायची. ती संपायच्या आत पडदा मोकळा करायचा. सूचना चिनी होत्या का जपानी कुणास ठाऊक. त्या कोणालाच वाचता येत नव्हत्या.

एका गुरुवारी, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, केशव तो खेळत होता. अनंतराव मागं वेताच्या खुर्चीत. केशव अडकला. पट्टी संपत आली. तेवढ्यात मागून डावा हात पुढं आला आणि त्याच्या बोटानं पडद्याचा वरचा कोपरा दाखवला, मग खालचा. दोन्हीकडं मासा होता.

“ते,” अनंतराव म्हणाले. मग मान झटकली, ओठ आवळले, जबड्यातून काहीतरी ओढून काढल्यासारखा आवाज आला. “मा... मासा.”

केशवनं रिमोट खाली ठेवला. अनसूया हातात पीठ घेऊन दारात आली होती. ती हसली आणि रडलीही. ज्या घरात मासा कधी शिजला नाही, त्या घरात पहिला शब्द परत आला तो हाच.

त्या दिवसापासून दुपारी अनसूया सासऱ्यांना खेळाला बसवायला लागली. मांडीवर उशी, उशीवर रिमोट. फरशी निवडायची बाणांची फुली डाव्या अंगाला होती, ती त्यांच्या डाव्या अंगठ्याला जमायची. बटण उजव्या अंगाला. तिथं त्यांचा उजवा हात नुसता पडून राहायचा, मग अनसूयाच बटण दाबायची. पुस्तकातलं केळं दाखवलं की अपमान वाटणाऱ्या माणसाला पडद्यावरच्या छत्रीचा अपमान वाटत नव्हता. तो खेळ होता, त्यात हरताही येत होतं.

फकिरा आला तो दसरा झाल्यावर. फाटकाशी लुना उभी करून एक काळासावळा, सडपातळ म्हातारा आत आला. पांढरा बुशशर्ट, खिशाला पेन.

“अनंता आहे?”

अनसूया गोंधळली. लग्न होऊन आल्यापासून तिच्या सासऱ्यांना एकेरी हाक मारणारं कोणी तिनं पाहिलं नव्हतं.

“मी फकिरा. परीक्षा विभागात होतो. ह्याचं टेबल खिडकीशी, माझं त्याला लागून.”

मग तिला आठवलं. केशवनं एकदाच सांगितलं होतं. बाबांचा एक मित्र होता. दोघं एकाच वर्षी नोकरीला लागले, एका डब्यात जेवले, एकमेकांच्या सायकली वापरल्या. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि सगळा मराठवाडा पेटला. दोघांमधलं बोलणं तेव्हा थांबलं. त्यानंतर ते निवृत्त होईपर्यंत शेजारी शेजारी बसले आणि फायली शिपायाच्या हातून एकमेकांकडं पाठवल्या.

फकिरा खोलीत गेला. अनंतरावांनी वर पाहिलं. डावा हात खुर्चीच्या दांडीवर आपटत राहिला. “ते... ते... ते...”

फकिरा उभाच होता. काहीतरी पाठ करून आल्यासारखा तो दिसत होता, आणि आता ते कुठून सुरू करावं हेच त्याला कळेना. शेवटी तो पलंगाच्या कडेला टेकला. टीव्हीवर अर्धा डाव तसाच थांबलेला होता. अनसूयेनं दुसरा रिमोट उचलून पाहुण्याच्या हातात दिला.

“दोघांचा पण डाव खेळता येतो काका. एकानं फरशी उचलायची, दुसऱ्यानं तिची जोडी शोधायची.”

फकिरानं रिमोट उलटा धरला, मग सुलटा केला. अनंतरावांनी एक घंटा उचलली. फकिराला दुसरी घंटा सापडेना. पट्टी आखडत गेली. अनंतराव चिडून पडद्याकडं बोट नाचवायला लागले. “अरे हो, थांब की जरा,” फकिरा म्हणाला. इतक्या वर्षांनी त्यानं या माणसाला म्हटलेलं ते पहिलं वाक्य होतं.

तो दुसऱ्या दिवशीही आला. मग येतच राहिला. चहा घ्यायचा, तासभर खेळायचा, निघायचा. दोघांमध्ये बोलणं म्हणाल तर फरशांचंच. अनंतराव चंद्राला ‘भाकरी’ म्हणायचे, स्वतःवरच चिडायचे, पुन्हा ‘भाकरी’ म्हणायचे. फकिरा हसायचा नाही. कप, पंखा, छत्री असं एकेक ठिकाणावर येत गेलं. दिवाळीनंतर एकदा उजव्या हाताचा अंगठा बटणापर्यंत गेला आणि त्यानं ते दाबलं. अनंतरावांच्या लक्षातही आलं नाही, ते पुढची जोडी शोधत होते. फकिरानं मात्र पाहिलं आणि मान वळवून अनसूयेकडं पाहिलं.

त्या दिवशी ती त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली. “काका, तुमचे उपकार फार झाले आमच्यावर.”

फकिरानं लुना स्टँडवरून काढली नाही. “सूनबाई, तसं समजू नका. मी मेहरबानी करायला येत नाही.” त्याचा आवाज शांत होता. “अठ्ठ्याहत्तरला माझ्या बहिणीचं घर जाळलं. परभणीकडं, तिच्या सासरच्या गावात. मी रजा काढून तिला इकडं घेऊन आलो. त्याच आठवड्यात ह्यानं शहरातल्या सभेत भाषण केलं, नाव बदलू नका म्हणून. म्हणाला, नावानं कोणाचं पोट भरत नाही. अरे, भरत नाही तर तुला त्याचं एवढं का लागलंय? मी कामावर परत आलो, ह्याच्या शेजारी बसलो. बहिणीचं काय झालं, एवढंसुद्धा विचारलं नाही ह्यानं. पंधरा वर्षं माझ्या छातीत आहे ते. आजारी आहे कळलं तेव्हा वाटलं, मरायच्या आत बोलून टाकावं. आलो तर हा असा. ज्याला जबाब देता येत नाही त्याच्याशी भांडायचं कसं?”

“म्हणून तुम्ही...”

“त्याची जबान परत यायला पाहिजे. बस.”

अनसूया फाटकाशी बराच वेळ उभी राहिली. शेजारच्या मालनबाई तारेवरचे कपडे काढत होत्या. “रोज येतात का गं ते?” त्यांनी विचारलं. त्यातला ‘ते’ अनसूयेला बरोबर कळला. “हो, रोज येतात,” ती म्हणाली आणि आत गेली.

डिसेंबर लागला तशी हवा बदलली. नामांतराचा निर्णय होणार, अशी कुजबुज चौकाचौकात सुरू झाली. कंपनीच्या बसमध्ये लोक आता आपापल्या माणसांशेजारी बसायला लागले होते, असं केशव म्हणाला.

“त्यांना थोडे दिवस येऊ नका म्हणावं का?” त्यानं अनसूयेला विचारलं. “कॉलनीत लोक बोलतात. उद्या कोणी दगड मारला तर?”

“तुम्हीच सांगा मग त्यांना.”

केशव फाटकापर्यंत गेला. फकिरा लुना लावत होता. “या काका,” केशव म्हणाला आणि बाजूला झाला.

अनंतरावांना आता छोटी वाक्यं यायला लागली होती. अडखळत, पण यायची. एका संध्याकाळी खेळता खेळता ते सहज म्हणाले, “फकिरा, वर बघ. वरचा पंखा.” फकिराचा अंगठा थांबला. नाव परत आलं होतं. पट्टी संपून डाव गेला तरी त्यानं नवा सुरू केला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यानं विचारलं. अर्धा पडदा मोकळा झाला होता. त्यानं रिमोट पलंगावर ठेवला आणि उठून टीव्हीच्या पुढं उभा राहिला.

“अनंता, आता तुला बोलता येतं. मला एक सांग. माझ्या सरूचं घर जळाल्याचं तुला तेव्हा माहीत होतं का?”

अनंतरावांनी त्याच्याकडं पाहिलं. अनसूया दारात होती. सासऱ्यांच्या तोंडात काहीतरी आलं, ओठांपर्यंत पोचलं, हे तिनं स्पष्ट पाहिलं. मग त्यांनी मान खाली घातली. डावा हात दांडीवर आपटायला लागला.

“ते...” ते म्हणाले. “ते... ते...”

फकिरा चप्पल घालून निघून गेला. चहा ओट्यावर तसाच राहिला.

त्याच सकाळी याच माणसानं अनसूयेला खणखणीत विचारलं होतं, ‘आज पेपर आला नाही का?’ सासऱ्यांना उलटून बोलायची तिची रीत नव्हती. पण त्या रात्रीच्या जेवणाचं ताट त्यांच्यापुढं ठेवताना तिच्या तोंडून गेलं, “बाबा, तुम्हाला बोलता येत होतं.”

अनंतरावांनी घास हातात धरला होता. तो परत ताटात ठेवला. “हो,” ते म्हणाले.

फकिरा येईनासा झाला. अनंतराव खेळाला बसेनात. अनसूया दुसरा रिमोट घेऊन बसली तर ते म्हणायचे, “तू नको.” केशवनं सिटी चौकातून नवी कॅसेट आणली, तिच्याकडं त्यांनी पाहिलंही नाही. खिडकीशी खुर्ची ओढायला लावून ते फाटकाकडं पाहत बसायचे. बोलता येत असूनही आता ते आधीपेक्षा कमी बोलत होते.

संक्रांतीच्या दिवशी निर्णय जाहीर झाला. विद्यापीठाच्या नावाआधी बाबासाहेबांचं नाव लागलं, मराठवाडाही राहिला. चौकाचौकात पोलीस उभे होते. कंपनीच्या बस बंद, त्यांच्या पुंडलिकनगरातली दुकानं अर्ध्या शटरवर. दूर विद्यापीठाच्या बाजूनं फटाक्यांचा आणि ढोलांचा आवाज येत होता आणि इकडं लोक खिडक्या लावून रेडिओ ऐकत होते. दुसऱ्या दिवशी केशवनं पेपरातली बातमी वाचून दाखवली. अनंतरावांनी नवं नाव एकदा पूर्ण म्हणून पाहिलं. लांब नाव होतं. ते दोन ठिकाणी अडखळले, पण संपवलं.

वातावरण निवळलं, रिक्षा धावायला लागल्या, तेव्हा एका सकाळी ते अंघोळ करून धुतलेलं धोतर नेसून बसले. “छावणी,” ते अनसूयेला म्हणाले. “फकिराकडं.”

केशव कामावर होता. अनसूयेनं कोणाला विचारलं नाही. कोपऱ्यावरून रिक्षा आणली. रिक्षावाल्यानं आणि तिनं मिळून त्यांना आत बसवलं. “चाचा को पकड़ के बैठो बाजी, रस्ता खराब है,” तो म्हणाला आणि सांभाळून चालवत राहिला. छावणीत दोन ठिकाणी विचारावं लागलं. गल्लीत निळ्या पताका अजून लागलेल्या होत्या.

फकिरा घरी नव्हता. दारात एक म्हातारी ज्वारी निवडत होती. तिनं सूप बाजूला केलं.

“भाऊ बाजारात गेलाय. येईल इतक्यात. कोन म्हनावं?”

“अनंतराव,” ते म्हणाले. “परीक्षा... विभाग.”

म्हातारीनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. लुळ्या हाताकडं, मग तोंडाकडं. “म्हंजी तुमीच व्हय ते.” ती उठली, आतून खुर्ची आणली आणि अंगणात मांडली. “बसा. उभं ऱ्हायचं बळ दिसत नाय.”

अनंतराव बसले. बराच वेळ तयारी करून त्यांनी विचारलं, “सरूबाई... घरात काय... काय होतं? तेव्हा?”

सरूबाईनं पुन्हा सूप ओढलं. मग खडे वेचता वेचता, कोणाला उद्देशून नाही अशी, सांगायला लागली. दोन खनाचं घर व्हतं. मातीच्या माळवदाचं नव्हतं, पत्र्याचं, पन नवं. एक शेळी गाभन व्हती, तिला सोडायला सापडलं नाय. लेकीच्या लग्नाला घेतलेली लुगडी व्हती. आदल्याच दिवशी भिंतीला पोतेरं दिलं व्हतं, अजून ओल व्हती. “लई वरडली शेळी,” ती म्हणाली. “मानसं पळाली, आमी समदी वाचलो. पन ती वरडलेली अजून कानात हाय.”

अनंतराव ऐकत होते. अनसूयेनं पदराचं टोक हातात घट्ट धरलं होतं. फकिरा पिशवी घेऊन केव्हा आला आणि मोडक्याशा कुंपणाशी कधी थांबला ते कोणी पाहिलं नाही.

“आता विचारतोयस?” तो म्हणाला.

अनंतरावांनी खुर्चीतल्या खुर्चीत वळायचा प्रयत्न केला. “माहीत होतं,” ते म्हणाले. “मला. भाषणाच्या... आधी. सांगितलं होतं कोणीतरी.”

“मग?”

“चढलो. बोललो. टाळ्या...” शब्द अडला. त्यांनी डोळे मिटले, शोधला. “टाळ्या वाजत होत्या. गोड... लागलं.”

“एवढंच?”

“एवढंच.”

फकिरानं पिशवी खाली ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कोणी हातातलं काहीतरी काढून घ्यावं तसा तो दिसत होता. “मी पंधरा वर्षं धरून चाललो होतो की तुझ्याकडं काहीतरी मोठं कारण असेल,” तो म्हणाला. “तुझ्याएवढा वाचलेला माणूस. म्हटलं, आपल्याला कळत नाही असं काहीतरी असेल.”

“नव्हतं.”

“उभ्याउभ्या काय इचारतुयास त्याला,” सरूबाई म्हणाली. “त्याची मान वळंना. म्होरं ये की.”

फकिरा पुढं आला, पण बसला नाही. सरूबाईनं पाहुण्यांना पाणी आणून दिलं. त्यांचं पिऊन झाल्यावर फकिरा म्हणाला, “आज जा, अनंता. मी येईन. पण कधी ते विचारू नको.” त्यानं स्वतःच गल्लीच्या तोंडाशी जाऊन रिक्षा थांबवली आणि अनंतरावांना काखेत धरून आत बसवलं. अनसूयेला म्हणाला, “उजव्या हाताला काम देत जा सूनबाई. बसू देऊ नका.”

घरी आल्यावर अनंतराव झोपले, ते संध्याकाळपर्यंत.

होळी झाली. उन्हं तापली. मालनबाईंनी एकदा विचारलं, “येत नाहीत का गं आता ते?” अनसूयाही फाटकाकडंच पाहत असायची.

फकिरा आला तेव्हा दुपार होती आणि वीज गेलेली होती. टीव्ही बंद. तो वेताच्या खुर्चीसमोर स्टूल ओढून बसला. अनसूया चहाला आत गेली. थोड्या वेळानं बाहेरून आवाज चढलेला ऐकू आला.

फकिरा म्हणत होता, हे नामांतर नव्हे, मागं मराठवाड्याचं शेपूट तसंच ठेवलंय, आमची पोरं त्यासाठी मेली नव्हती. अनंतराव म्हणत होते, “चूक. साफ चूक. मराठवाडा... हे काय... हे काय शेपूट नाही. ते...” आणि तिथं ते थांबले. शब्द सापडत नव्हता.

अनसूया दारापर्यंत आली. फकिरा पुढं झुकून बसला होता. तो शब्द त्याला माहीत असणारच, पण त्यानं तो पुरवला नाही. “बोल,” तो म्हणाला. “मला घाई नाही.”

ती परत ओट्याशी गेली. चहा उतू जायला आला होता. तिनं स्टोव्ह बारीक केला.